काडतूस आत जाईना : रॉस रायफलचा दोष नेमका कुणाचा?

१/
काडतूस म्हटले की मराठी वाचकाला १८५७ आठवते. बराकपूरची छावणी, चरबीचा संशय, एन्फिल्ड बंदूक आणि दातांनी तोडायचे कागदी काडतूस. त्यानंतर ५८ वर्षांनी बेल्जियमच्या चिखलात आणखी एका काडतुसामुळे एका सैन्याचा आपल्या शस्त्रावरचा विश्वास उडाला. तेथे प्रश्न धर्माचा नव्हता, इंचाच्या काही सहस्रांशांचा होता. मात्र शिपायाच्या तक्रारीकडे वरिष्ठांनी कसे पाहिले, या बाबतीत दोन्ही प्रकरणांचे नाते जवळचे आहे. हा धागा कॅनडाच्या रॉस रायफलचा.

२/
२४ एप्रिल १९१५. ईप्र शहराच्या ईशान्येला सेंट ज्युलियन हे खेडे. दोनच दिवसांपूर्वी जर्मन सैन्याने या आघाडीवर क्लोरीन वायू सोडला होता आणि शेजारच्या फ्रेंच फळीला भगदाड पडले होते. आता तोच हिरवट ढग कॅनडाच्या पहिल्या डिव्हिजनवर आला. मुखवटे नव्हते. ओली फडकी तोंडाला बांधून सैनिक खंदकात उभे राहिले. ढगामागून जर्मन पायदळ येत होते आणि अशा क्षणी त्यांच्या हातातील रायफली अडू लागल्या.

३/
काही गोळ्या झटपट झाडल्या की बोल्ट जागचा हलेना. हलला तर रिकामी पुंगळी बाहेर येईना. ती कशीबशी निघाली तर पुढचे काडतूस आत बसून बोल्ट मिटेना. सैनिक रायफल जमिनीवर टेकवून बोल्टच्या मुठीवर बुटाची टाच मारीत होते, खंदक खणण्याच्या हत्याराच्या दांड्याने ठोकीत होते. शत्रू शंभर पावलांवर असताना एका गोळीसाठी एवढा खटाटोप!

४/
या लढाईत कॅनडाचे सुमारे ६,००० सैनिक ठार, जखमी किंवा बेपत्ता झाले. त्यांतील २,०००हून अधिक जण मृत्युमुखी पडले. हे सारे रायफलमुळे घडले असे म्हणणे चूक ठरेल. वायू, तोफा आणि उघडी पडलेली बगल ही कारणे मोठी होती. परंतु वाचलेल्या सुमारे ५,००० पायदळ सैनिकांपैकी १,४००हून अधिक जणांनी आपली सरकारी रॉस रायफल टाकून दिली होती आणि मेलेल्या ब्रिटिश सैनिकांच्या ली-एन्फिल्ड उचलल्या होत्या. शस्त्र टाकणे हा लष्करात गुन्हा असतो. तरीही त्यांनी तो पत्करला.

५/
रॉसविषयी आज दोन तयार उत्तरे फिरताना दिसतात. पहिले : रायफलच भंगार होती. दुसरे : रायफल उत्तम होती, ब्रिटिशांची काडतुसे निकृष्ट होती. दोन्ही उत्तरांत थोडे सत्य आहे आणि दोन्ही अपुरी आहेत. या धाग्याचे म्हणणे असे की मूळ बिघाड रायफल आणि काडतूस यांच्या जुळणीत होता. तो बिघाड क्षम्य होता. तो कळल्यानंतर जे वर्ष वाया गेले, ते अक्षम्य होते.

६/
आधी ही रायफल जन्मली कशी ते पाहू. बोअर युद्धाच्या काळात कॅनडाला ली-एन्फिल्ड रायफली हव्या होत्या. ब्रिटनला स्वतःचीच गरज भागवणे कठीण झाले होते आणि त्या कॅनडात बनवण्याची सोयही होईना. त्या वेळी सर चार्ल्स रॉस हा स्कॉटिश उमराव आपल्या आराखड्यासह पुढे आला. १९०२ मध्ये करार झाला आणि क्वेबेक शहरात कारखाना उभा राहिला. संकटकाळी शस्त्रासाठी दुसऱ्याच्या दाराशी उभे राहावे लागू नये, ही त्यामागची इच्छा पूर्णपणे रास्त होती. हे विसरून पुढचा न्याय करता येणार नाही.

७/
रॉसची ओळख म्हणजे तिचा सरळ ओढीचा बोल्ट. ली-एन्फिल्डमध्ये मूठ आधी वर उचलायची, मग मागे ओढायची, पुन्हा पुढे ढकलायची आणि खाली दाबायची. रॉसमध्ये फक्त मागे आणि पुढे. बोल्टचे डोके आतल्या आत, मळसूत्री खाचांमुळे आपोआप फिरे व कुलूपबंद होई. कागदावर ही रायफल अधिक वेगवान होती. १९१० साली आलेल्या तिसऱ्या नमुन्याची नळी ३०.५ इंचांची होती आणि नेमबाजीत तिचा अचूकपणा वादातीत होता. इंग्लंडमधील बिस्ली येथील स्पर्धांत कॅनडाच्या नेमबाजांनी तिच्या जोरावर नाव कमावले.

८/
सावधगिरीच्या घंटा मात्र युद्धाच्या पुष्कळ आधी वाजल्या होत्या. पहिल्या नमुन्याच्या रायफली कॅनडाच्या घोडदळी पोलिसांना मिळाल्या. त्यांनी इतक्या तक्रारी केल्या की अखेर त्या रायफली बाजूला ठेवून पोलीस जुन्या शस्त्रांकडे परतले. रॉसने सुधारणा केल्या. दुसरा नमुना आला, त्याचे अनेक उपप्रकार आले, मग तिसरा आला. प्रत्येक वेळी दोष दुरुस्त झाल्याचे सांगितले गेले. खंदकातील कसोटी मात्र कुणीच घेतलेली नव्हती, कारण तसे खंदक अजून जगाने पाहिलेच नव्हते.

९/
आता मुख्य प्रश्न. काडतूस आत जात नसेल किंवा आत गेलेले बाहेर येत नसेल, तर दोष कुठे शोधायचा? बंदूक दुरुस्त करणारा अनुभवी कारागीर एकेक संशयित समोर बसवतो आणि एकेकाला वगळत जातो. इतिहासाच्या अभ्यासकानेही तेच करावे. येथे संशयित पाच आहेत : मळ, काडतूस, चेंबर, बोल्ट आणि निर्णय घेणारी माणसे.

१०/
त्याआधी चेंबर म्हणजे काय ते स्पष्ट व्हायला हवे. नळीच्या मागच्या टोकाशी काडतूस बसण्यासाठी कोरलेले घर म्हणजे चेंबर. काडतुसाची पुंगळी पितळेची असते. गोळी सुटताना आतील वायूच्या दाबाने पितळ फुगते, चेंबरच्या भिंतीला घट्ट चिकटते आणि वायू मागे येऊ देत नाही. दाब ओसरताच ते किंचित आकसते आणि पुंगळी सैल होते. या आकसण्याला जागा लागते. पुंगळी आणि भिंत यांतील ही केसाएवढी सूट हाच रॉसच्या साऱ्या कथेचा केंद्रबिंदू आहे.

११/
पहिला संशयित : मळ. ईप्रच्या परिसरात खणले की हातभर खोलीवर पाणी लागे. चिखल, वाळू, जळलेल्या दारूची काजळी ही सारी त्या केसाएवढ्या सुटीत जाऊन बसत. तेव्हा दोष रायफल स्वच्छ न ठेवणाऱ्या सैनिकाचा, असे म्हणणे सोपे होते. परंतु शेजारच्या ब्रिटिश तुकड्या त्याच चिखलात होत्या आणि त्यांच्या रायफली चालत होत्या. मळ खराच होता. पण जे शस्त्र स्वच्छ खोलीतच चालते, त्याला लष्करी शस्त्र म्हणता येत नाही.

१२/
दुसरा संशयित : काडतूस. कॅनडाच्या सरकारी कारखान्यातील .३०३ काडतुसे मापाला काटेकोर होती आणि रॉसचे चेंबर त्यांच्या मापाने घट्ट कोरलेले होते. घट्ट चेंबर म्हणजे अधिक अचूक नेम, हा त्यामागचा हिशेब. आघाडीवर मात्र पुरवठा ब्रिटिश साठ्यातून होई. युद्धामुळे उत्पादन अफाट वाढले होते, त्यामुळे पुंगळ्यांच्या मापात अधिक सूट चालवून घेतली जाई. जाडीला काही सहस्रांश इंच जास्त असलेली पुंगळी ली-एन्फिल्डच्या ऐसपैस चेंबरमध्ये सहज बसे. रॉसमध्ये ती अडकून बसे.

१३/
म्हणजे दोष ब्रिटिश काडतुसांचा ठरतो का? रॉसच्या पाठीराख्यांनी तेच सांगितले, आणि सर्वांत मोठ्या आवाजात सांगितले ते कॅनडाचे युद्धमंत्री सर सॅम ह्यूज यांनी. या युक्तिवादात एक पळवाट आहे. ज्या काडतुसांनी लाखो ली-एन्फिल्ड चालत होत्या, तीच काडतुसे रॉसमध्ये अडत असतील, तर साम्राज्याच्या साऱ्या कारखान्यांनी आपली मापे बदलावीत की एका रायफलने आपले चेंबर रुंद करावे? नाचता येईना, अंगण वाकडे, ही म्हण असल्याच युक्तिवादांसाठी असावी.

१४/
येथे एक भारतीय दाखला पाहण्यासारखा आहे. १९१४च्या शरद ऋतूत भारतीय सैन्य मार्सेय बंदरात उतरले, तेव्हा त्याच्याकडील जुन्या रायफली काढून घेऊन त्याला नव्या नमुन्याच्या ली-एन्फिल्ड देण्यात आल्या. फ्रान्समध्ये वापरात असलेले काडतूस नव्या नमुन्याचे होते आणि जुन्या रायफलींशी ते जुळत नव्हते, हे त्याचे कारण. शस्त्र आणि दारूगोळा ही एकच वस्तू आहे, हे तत्त्व ब्रिटिश सेनेला ठाऊक होते, याचा हा पुरावा. या सैन्यातील लाहोर डिव्हिजनमध्ये खडकीहून गेलेल्या सॅपर्स अँड मायनर्सच्या दोन कंपन्याही होत्या.

१५/
हीच लाहोर डिव्हिजन २६ एप्रिल १९१५ रोजी ईप्रजवळ, कॅनेडियनांनी ज्या भूमीसाठी रक्त सांडले त्याच टापूत हल्ल्याला उतरली. जमादार मीर दस्त यांना त्याच दिवसाच्या पराक्रमासाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. या डिव्हिजनचीही हानी भयानक झाली. वायू आणि मशीनगनपुढे चांगली रायफल ढाल होत नाही. तथापि हातातले शस्त्र शत्रूआधी आपल्यालाच दगा देईल, ही धास्ती त्यांच्या वाट्याला आली नाही. कॅनेडियनांच्या वाट्याला ती आली.

१६/
तिसरा संशयित : चेंबर. तक्रारींनंतर रॉसची चेंबरे किंचित रुंद कोरण्यास सुरुवात झाली. अडकण्याचे प्रमाण घटले, परंतु पूर्ण थांबले नाही. निदानाच्या दृष्टीने ही खूण फार महत्त्वाची आहे. एक कारण दूर केल्यावर रोग कमी होतो पण जात नाही, तेव्हा दुसरे कारण आत दडलेले असते. रुंद चेंबर असलेल्या रायफलींचेही बोल्ट काही काळाने मिटेनासे होत. आता अडचण पुंगळी बाहेर काढण्याची नव्हती. नवे काडतूस आत बसवून बोल्ट बंद करण्याची होती.

१७/
चौथा संशयित : बोल्ट. तिसऱ्या नमुन्यात बोल्टच्या डोक्यावर तुटक आटे होते. ते रायफलच्या आतील आट्यांत फिरून बसले की कुलूप लागे. बोल्ट मागे ओढला की सर्वांत मागचा आटा एका लहानशा खुंटीवर आदळून थांबे. तिला बोल्ट स्टॉप म्हणतात. खुंटी आकाराने लहान होती, म्हणून साऱ्या धक्क्याचा भार आट्याच्या एका छोट्या कोपऱ्यावर पडे. बोल्टचे पोलादही हवे तेवढे कणखर केलेले नव्हते. धक्के खाऊन खाऊन तो कोपरा चेपे, त्याला कंगोरा फुटे आणि मग आटा आपल्या खाचेत शिरेना.

१८/
आता दोन्ही दोषांची सांगड घालून पाहावी. घट्ट चेंबरमध्ये पुंगळी अडकते. सैनिक जीव खाऊन बोल्ट ओढतो, टाच मारतो, दांडा हाणतो. पुंगळी एकदम सुटते आणि बोल्ट प्रचंड वेगाने खुंटीवर आदळतो. आटा आणखी चेपतो. पुढचे काडतूस अधिक कष्टाने बसते आणि बोल्ट मिटवण्यासाठी पुन्हा तडाखा लागतो. पहिला दोष दुसऱ्याला जन्म देतो. सैनिकाने केलेला प्रत्येक उपाय रायफलला आणखी बिघडवत होता, आणि त्याच्यापुढे दुसरा उपायही नव्हता.

१९/
सरळ ओढीच्या आराखड्याचा वाटाही येथेच लक्षात येतो. ली-एन्फिल्डमध्ये मूठ वर उचलताना उतरत्या कडेचा आधार मिळतो आणि चिकटलेली पुंगळी पाचरीच्या जोराने प्रथम किंचित सैल होते. मग ओढणे सोपे जाते. रॉसमध्ये ही सैल करणारी पहिली हालचाल दुबळी होती. नेमबाजीच्या मैदानात, थंड नळीत, निवडक काडतुसांसह याने काही बिघडत नसे. मिनिटाला दहा-पंधरा गोळ्या झाडल्यावर तापलेल्या चेंबरमध्ये मात्र हाच फरक जीवघेणा ठरला.

२०/
याच नमुन्यात आणखी एक धोका होता. साफसफाईनंतर बोल्ट चुकीच्या रीतीने जोडला, तर तो पूर्ण मिटल्यासारखा दिसे. प्रत्यक्षात कुलूप लागलेले नसे. अशी रायफल झाडल्यास बोल्ट मागे, झाडणाऱ्याच्या चेहऱ्याकडे येण्याची भीती होती. नंतर एक रिव्हेट बसवून ही चुकीची जोडणी अशक्य करण्यात आली. उपाय केवढासा! रिव्हेट, थोडी मोठी खुंटी, नीट कणखर केलेले पोलाद, जरा रुंद चेंबर. चारही उपाय साधे होते आणि चारही शांततेच्या काळात करता आले असते.

२१/
रायफल मुळात भंगार होती, या मताला छेद देणारा पुरावाही मांडला पाहिजे. ली-एन्फिल्ड मिळाल्यानंतरही कॅनडाच्या अनेक निशाणबाजांनी रॉस सोडली नाही. ओजिब्वे समाजातील फ्रान्सिस पेगामागाबो हा त्यांतील सर्वांत नामवंत. ३७८ बळींचे श्रेय त्याला दिले जाते. मिलिटरी मेडल त्याला तीन वेळा मिळाले. निशाणबाज काडतुसे निवडून घेतो, रायफल तळहातावरच्या फोडासारखी जपतो आणि तासाला एखादीच गोळी झाडतो. त्या जगात रॉस अजोड होती. हजारो सामान्य सैनिकांचे जग वेगळे होते, आणि रायफल त्यांच्यासाठी विकत घेतली होती.

२२/
आता पाचवा संशयित : निर्णय घेणारी माणसे. जून १९१५ मध्ये ब्रिटिश सेनापती सर जॉन फ्रेंच यांनी पहिल्या कॅनेडियन डिव्हिजनला ली-एन्फिल्ड देण्याचा आदेश दिला. म्हणजे ईप्रनंतर दोन महिन्यांच्या आत दोष मान्य झाला होता. तरीही दुसरी आणि तिसरी डिव्हिजन रॉस घेऊनच आघाडीवर आली. ब्रिटनकडे रायफलींचा तुटवडा होता, हे खरे. पण दुसरे कारण ओटावात बसले होते. सॅम ह्यूज यांच्या लेखी रॉस म्हणजे कॅनडाची अस्मिता होती. तिच्यावरील टीका त्यांना देशावरील टीका वाटे.

२३/
फेब्रुवारी १९१६ मध्ये कॅनेडियन कोअरचे सेनापती एडविन ऑल्डरसन यांनी रॉसचे दोष मुद्देसूद मांडणारे पत्र ओटावाला पाठवले. ह्यूज यांनी त्याला उपहासाने भरलेले उत्तर दिले आणि त्या उत्तराच्या प्रती ऑल्डरसन यांच्या हाताखालील अधिकाऱ्यांना वाटल्या. आपल्या सेनापतीला त्याच्याच माणसांसमोर खाली पाहायला लावण्याचा हा प्रकार होता. मे १९१६ मध्ये ऑल्डरसन यांना पदावरून जावे लागले. त्याला सेंट एलोई येथील अपयशासारखी अन्य कारणेही होती. पण रायफलविषयी खरे बोलल्याची किंमत त्यांनी मोजली, हे नाकारता येत नाही.

२४/
अखेर नवे सेनापती डग्लस हेग यांनीही रॉस नको असा कौल दिला आणि १९१६च्या उन्हाळ्यापासून उरलेल्या कॅनेडियन तुकड्यांना ली-एन्फिल्ड मिळू लागल्या. नोव्हेंबर १९१६ मध्ये ह्यूज यांना मंत्रिपद सोडावे लागले. १९१७ मध्ये कॅनडा सरकारने रॉसचा कारखाना ताब्यात घेतला; चार्ल्स रॉस यांना पुढे २० लाख डॉलर भरपाई मिळाली. तोवर सुमारे ४ लाख २० हजार लष्करी रॉस रायफली तयार झाल्या होत्या.

२५/
ह्यूज यांना सरसकट खलनायक ठरवून मोकळे होण्याचा मोह टाळावा. त्यांना खंदकातील मुलांची पर्वा नव्हती, असे म्हणण्यास आधार नाही. त्यांची चूक अधिक ओळखीची, म्हणून अधिक धोकादायक होती. स्वदेशी शस्त्र असावे ही योग्य भूमिका आणि हेच शस्त्र निर्दोष आहे हा हट्ट, या दोहोंतील अंतर त्यांना दिसेनासे झाले. स्वावलंबनाचा खरा पुरस्कर्ता आपल्या वस्तूची सर्वांत कठोर परीक्षा स्वतः घेतो. ती परीक्षा शत्रूवर सोपवली, तर गुण रक्ताने मोजले जातात.

२६/
हा धडा जगाने गिरवला का? अर्धशतकानंतर व्हिएतनाममध्ये अमेरिकेच्या एम-१६ रायफलमध्ये रिकाम्या पुंगळ्या चेंबरमध्ये अडकू लागल्या. तेथेही काडतुसातील दारू बदलली होती, चेंबरला क्रोमचा मुलामा नव्हता, साफसफाईचे साहित्य पुरेसे दिलेले नव्हते. तेथेही आधी दोष सैनिकाच्या निष्काळजीपणावर ढकलला गेला. मात्र १९६७ मध्ये अमेरिकी संसदेच्या एका उपसमितीने चौकशी केली आणि चेंबरला मुलामा देण्यासह सुधारणा झाल्या. ती रायफल टिकली. तिचे वंशज आजही सेवेत आहेत. रॉसला ही संधी वेळेवर मिळाली नाही.

२७/
एम-१६ सुधारली आणि रॉस बाद झाली, यातील फरक केवळ आराखड्याचा नाही. तक्रार ऐकण्यास किती काळ गेला आणि ऐकल्यावर प्रत्येक संशयिताची स्वतंत्र तपासणी झाली की नाही, यावर बरेच अवलंबून असते. रॉसच्या बाबतीत एक बाजू काडतुसाकडे बोट दाखवी, दुसरी रायफलकडे. चेपलेल्या आट्याकडे मात्र फार उशिरा लक्ष गेले. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, अशी ही तऱ्हा. बाद ठरेपर्यंत रायफलचे बहुतेक दोष दुरुस्त झाले होते, पण तोवर सैनिकांचा विश्वास उडाला होता. तो दुरुस्त करण्याचे हत्यार कोणत्याही कारखान्यात मिळत नाही.

२८/
तरुण अभ्यासकांसाठी यातून एक सवय उचलण्याजोगी आहे. अमुक शस्त्र निकामी होते असे विधान समोर आले की विचारावे : कोणत्या काडतुसासह? कोणत्या हवामानात? कुणाच्या हातात? किती गोळ्या झाडल्यावर? आणि हे प्रथम कुणी सांगितले, ते कुणी ऐकले? रॉस बिस्लीच्या हिरवळीवर उत्कृष्ट होती, निशाणबाजाच्या हातात उत्कृष्ट होती आणि सेंट ज्युलियनच्या खंदकात निरुपयोगी होती. ही तिन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत. जो इतिहास त्यांतील एकच निवडतो, तो अपुरा राहतो.

२९/
पुराव्यांचा विचार करताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मंत्र्यांची पत्रे, सेनापतींचे अहवाल, कारखान्याची मापे हे सारे दप्तरात जपले जाते. सामान्य सैनिकाचे मत क्वचितच लिहून ठेवले जाते. ईप्रच्या लढाईत मात्र ते मोजता येण्याजोग्या रूपात उरले. शिक्षेची भीती असताना चौदाशेहून अधिक माणसांनी हातातली रायफल खाली ठेवली आणि मृताच्या हातातली उचलली. रॉसविषयीचा पहिला प्रामाणिक अहवाल तोच होता. तो ओटावात वाचला जायला वर्षाहून अधिक काळ लागला, आणि त्या काळात दुसऱ्या व तिसऱ्या डिव्हिजनमधील तरुण तीच रायफल घेऊन खंदकात उभे होते.

(धागा समाप्त)